लपवून ठेवलेली भिंगरी

फुटबॉल संघटनेच्या शिक्क्याचं पाकीट आलं की आत काय असणार, हे आमच्या क्लबच्या मास्तरांना ते न फोडताच कळायचं. त्या दिवशीही तसंच झालं. हंगामातलं हे तिसरं पत्र. आपल्या क्लबच्या चौदा वर्षांखालील संघातील खेळाडूची नोंदणी दुसऱ्या क्लबकडे वर्ग करण्यात आली आहे, नियमानुसार ठरलेली रक्कम आपल्याला मिळेल, कळावे.

"कळलं!" मास्तरांनी पत्र टेबलावर आपटलं. "सात वर्षांचा होता हा पोरगा आला तेव्हा. बुटाची नाडी बांधता येत नव्हती. पाच वर्षं मी उन्हातान्हात त्याच्या मागे धावलो, आणि आता म्हणे ठरलेली रक्कम! गोलच्या दोन जाळ्या येतील त्यात. त्याही घासाघीस केली तर."

समोर ताई धुतलेल्या जर्सींच्या घड्या घालत बसली होती. ती मास्तरांची थोरली बहीण, पण सगळा क्लबच तिला ताई म्हणायचा. चाळीस वर्षं क्लबची कागदपत्रं, कपडे आणि फुटलेले गुडघे तीच सांभाळत आली होती.

"पोरगा खूश आहे ना?" तिनं विचारलं.

"पोरगा खूश, त्याची आई खूश, मोठा क्लब खूश. मी तेवढा उल्लू!"

मास्तरांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. नियमच तसा होता. सोळा वर्षांच्या आतला खेळाडू मोठ्या क्लबाला आवडला आणि आईबाप हो म्हणाले, की विषय संपला. ज्या छोट्या क्लबनं त्याला पायावर चेंडू थांबवायला शिकवलं, त्याला कुणी विचारायचं नाही. त्याच्या हाती किती वर्षं शिकवलं त्या हिशेबानं ठरलेली रक्कम ठेवायची. मग पोर साधारण असो की हिरा, दर एकच.

यावर मास्तरांनी वर्षभरापूर्वी एक युक्ती काढली होती. मोठ्या क्लबची माणसं वही घेऊन कुंपणापाशी दिसली, की मैदानाची देखभाल करणारे काका मोठ्यानं ओरडायचे, "पाणी सोडतोय रे!" पाणीबिणी काही सुटत नसे. ती खूण होती. ती ऐकली की पोरं जागा बदलायची. पुढे खेळणारा मागे, उजवा डावीकडे. मास्तरांनी पोरांना सांगितलं होतं, "प्रत्येकाला प्रत्येक जागा खेळता आली पाहिजे. हा सराव आहे." पोरांनी या खेळाला नाव ठेवलं होतं, उलटापालट. वहीवाले बहुतेकदा अर्धा तास बघायचे, जांभया द्यायचे आणि निघून जायचे. तरी यंदा तीन पोरं त्यांनी हेरलीच होती.

या उलटापालटीत गोलात उभी राहायची ती भिंगरी.

भिंगरी तेरा वर्षांची. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याची लेक. मैदानाच्या डाव्या बगलेतून चेंडू घेऊन निघाली की पुढचे तिघं जण एकमेकांवर आदळायचे आणि ही कधीच पलीकडे पोचलेली असायची. मास्तरांनी तीस वर्षांत असा डावा पाय पाहिला नव्हता. म्हणूनच ती वहीवाल्यांच्या नजरेला पडू नये असं त्यांना वाटे. पण गोल अडवायला तिची उंची पुरत नसे.

पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पंक्चरवाला कचेरीच्या दारात उभा राहिला. हात फडक्याला पुसत म्हणाला, "बसत नाही मास्तर, दुकान उघडं टाकून आलोय. एकच विचारायचंय. आमच्या पोरीत काही दम आहे का?"

"का हो, काय झालं?"

"मोठ्या क्लबची माणसं तीनदा आली. तिन्ही वेळा हिनं गोल खाल्ले. चार, पाच, परवा तर सहा. घरी आली की ताटावर बसत नाही. काल बूट धाकट्या भावाला देऊन टाकले. म्हणते, बाबा, मला येतच नाही, मास्तर उगाच माझं मन राखायला छान म्हणतात." "मी अडाणी माणूस. मला खेळातलं काय कळतं? तुम्ही सांगाल ते खरं. नसेल जमत तिला, तर मी उगाच तिला आशा लावत नाही."

मास्तरांना खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, "लहान आहे अजून. बघू... पुढे बघू."

पंक्चरवाला मान हलवून निघून गेला.

ताईनं हातातली जर्सी खाली ठेवली. "पुढे बघू?"

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

"पडणारच. इतके दिवस गप्प बसले तेच चुकलं. मला वाटलं, चाललाय पोरखेळ, कंटाळशील. अरे, ती पोर काय माळ्यावर ठेवलेलं भांडं आहे? पाहुणे आले की लपवायचं, गेले की काढायचं?"

"मग काय करू? चांदीच्या ताटात वाढू त्यांना? एक एक करून सगळी नेली तर उद्या इथे कोण खेळेल? छोट्या क्लबांनी पोरं शिकवणं बंद केलं, तर मोठे क्लब पोरं आणणार कुठून?"

"ते बरोबर बोललास. पण ते कुणाला ऐकवतोयस? मला! ज्यांना ऐकवायचं त्यांच्या सभेत मागच्या रांगेत बसून चहा पितोस आणि घरी येतोस." ताईचा आवाज जरा उतरला. "तुला तुझं सतरावं वर्ष आठवतं?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"मला लख्ख आठवतं. तेव्हा आपल्या क्लबच्या सहीशिवाय पोराला कुठे जाता येत नसे. तुला मोठ्या संघाचं बोलावणं आलं होतं. जुन्या सेक्रेटरींनी ते कागद खणात टाकले आणि वर कुलूप घातलं. म्हणाले, आमचा सेंटर फॉरवर्ड आम्ही देत नाही. तू महिनाभर माझ्याशीसुद्धा बोलला नाहीस. असल्या खणांतल्या कागदांपायीच पुढे हा नवा नियम झाला ना? तो छोट्या क्लबांवर अन्याय करतो, मान्य. पण सेक्रेटरींनी निदान तोंडावर नाही म्हटलं होतं. त्यांनी सही अडवली. तू तर पोरीलाच पटवून दिलंस की तिला खेळता येत नाही!"

ज्या माणसाचं नाव मास्तरांनी जन्मभर दातओठ खात घेतलं, त्याच्याच खुर्चीत ते बसले होते. नव्हे, त्याच्याही खाली उतरले होते! ते उठले आणि तडक नाक्यावर गेले.

पंक्चरवाला पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, खूण, उलटापालट, गोलात उभं करणं. पंक्चरवाल्यानं वर पाहिलं नाही. फक्त विचारलं, "वर्षभर?"

"वर्षभर."

मागच्या पडद्याआडून भिंगरी बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हणजे... मला येतं खेळता?"

रागावली असती तर मास्तरांना सोसलं असतं. पण तिच्या तोंडावरचा आनंद त्यांना सोसवेना.

"येतं, बाळा. माझ्यापेक्षा चांगलं येतं. चुकलं माझं."

मग मात्र तिचे डोळे भरून आले. "मी रोज रात्री गोलकीपरचा सराव करत होते, मास्तर. भिंतीवर चेंडू मारून. तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून."

पंक्चरवाला इतकंच म्हणाला, "धाकट्याकडून बूट घे जा."

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी स्वतः फोन करून मोठ्या क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या वही काढून कुंपणापाशी उभ्या राहिल्या, आणि काका सवयीनं ओरडले, "पाणी सोडतोय रे!" झालं! अकराच्या अकरा पोरं जागा बदलायला धावली.

"जागच्या जागी!" मास्तरांनी घसा फाडला. "कुणीही हलायचं नाही! आजपासून जो तो आपापल्या जागेवर! आणि काका, तुम्ही जरा गप्प बसा!"

भिंगरी डाव्या बगलेत गेली. पहिल्या दहा मिनिटांत बाईंनी वही मिटली आणि नुसत्या बघत राहिल्या.

भिंगरीची नोंदणी वर्ग झाल्याचं पत्र आलं. मास्तरांनी ते सगळ्या पोरांसमोर वाचून दाखवलं. पण यावेळी ते तिथेच थांबले नाहीत. संघटनेच्या वार्षिक सभेत पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसले आणि वेळ आल्यावर उठले.

"मी एक पोर वर्षभर लपवली," ते म्हणाले. "त्याची मला लाज वाटते. नियमाकडे बोट दाखवून मी सुटू पाहत नाही. पण ज्यानं घडवलं त्याला साधं विचारतही नाही, असा नियम तुम्ही केलात, तर माणसं अशीच वागायला लागतात. पोरांना अडवायचा हक्क आम्हाला नको. तो जुना जुलूम होता, मी तो भोगलाय. पण पोरांना भेटण्याआधी आम्हाला कळवा. आणि ते पोर पुढे मोठं झालं, तर त्या यशात आमचा वाटा धरा, म्हणजे आम्ही पुढची पोरं शिकवू शकू."

मागून कुणीतरी खाकरलं. नदीपलीकडच्या क्लबचे म्हातारे प्रशिक्षक उठले. "वहीवाले आले की आम्ही आमचा स्ट्रायकर मुद्दाम लंगडत खेळवतो," ते म्हणाले. आधी हशा पिकला. मग आणखी एक उठला, आणखी एक. हसता हसता सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एकेक करून चौदा क्लब उभे होते!

नियम त्याच दिवशी बदलला असं नाही. पण फेरविचाराची समिती नेमली गेली, आणि तिच्यात छोट्या क्लबांची दोन माणसं घ्यावीच लागली. त्यातले एक आमचे मास्तर.

भिंगरीच्या पहिल्या सामन्याला सगळा क्लब टेम्पोत बसून गेला. पंक्चरवाल्यानं जन्मात पहिल्यांदा दुकान दिवसभर बंद ठेवलं. उत्तरार्धात चेंडू डाव्या बगलेत आला, दोघी एकमेकींवर आदळल्या, आणि जाळी हलली. ताई गुडघेदुखी विसरून बाकावर चढली. "आमची आहे ती! आमची!"

शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी कौतुकानं विचारलं, "नात का हो तुमची?"

"नाही," ताई म्हणाली, "आमच्या मैदानाची."

मास्तर चष्मा पुसत राहिले. तीस वर्षांत त्यांची छाती इतकी कधी भरून आली नव्हती.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाताखाली कुणीतरी शिकत असतं, वर्गात, कारखान्यात, घरात. ते आपल्यापुढे जाईल या भीतीनं आपण त्याला चुकीच्या जागी उभं करतो, आणि दोष जगाच्या नियमांना देतो. नियम अन्यायाचा असेल तर त्याच्याशी उघड्यावर, मोठ्या आवाजात भांडावं. लेकरांना त्या भांडणात ढालीसारखं धरू नये. त्यांना जाऊ द्यावं, ताठ मानेनं. आणि ती ज्या मातीत पहिल्यांदा धावली, तिचं नाव आपण अभिमानानं घ्यावं.