डेलरॉयच्या आईची खोली

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. दुचाकीवरचे नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघातले. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू कवटाळून पळायचे असते आणि मागून धिप्पाड गडी अंगावर कोसळतात. तो मार आधी मी खायचे, मग माझ्या आतला डेलरॉय खायचा.

तो चांगला खेळला की सोमवारी प्रशिक्षक माझ्यावर संघाची खूण असलेल्या सोनेरी मधमाशीचे चित्र चिकटवत. हीच त्याची कमाई. खेळाडूने खेळाचे पैसे घ्यायला मनाई होती. शिक्षण फुकट, राहणे फुकट, हे जमेला धरलेच पाहिजे. मी खोटे बोलणार नाही. पण दुसरी बाजूही बघा. दर शनिवारी मैदान ओसंडून वाहायचे, डेलरॉयच्या आकड्याचे सदरे दुकानात हातोहात खपायचे, आणि प्रशिक्षकांच्या नव्या घरामागे तळे झाले. तळ्यात बदकेही आली.

त्याचा दोस्त बूकर चिडवायचा, "डेल, आणखी चार माश्या चिकटव. मग कँटीनवाला तुला कोंबडीचं सँडविच देतो की नाही बघ!"

"सँडविच राहू दे रे, नुसता वास दिला तरी चालेल," डेलरॉय म्हणायचा.

शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सामन्याला तिथे एक रीत आहे. खेळाआधी मुलगा आईचा हात धरून मैदानात येतो आणि भोंग्यावरून तिचे नाव पुकारतात. डेलरॉयची आई ओडेसाबाई दूरच्या गावी कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने राबत. मुलाचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. त्या दिवशी धंदेवाईक संघांचे पारखीही डेलरॉयला बघायला येणार होते. बसचे भाडे बाईंनी कसेबसे जमवले. पण रात्री टेकायचे कुठे?

मोटेलवाल्या बर्डसाँगबाई म्हणाल्या, "खोली रिकामीच पडलीय रे. तुझ्या आईकडून पैसे घेऊ? मला काय देवाला तोंड दाखवायचं नाही?"

त्या एवढ्यावर थांबल्या असत्या तर! पण अभिमान पोटात मावेना. रस्त्याकडेच्या उंच पाटीवर, जिथे एरवी खोल्यांचे दर असत, तिथे त्यांनी ठळक अक्षरे लावली : डेलरॉयच्या मातोश्री आमच्या पाहुण्या. मुक्काम आमच्यातर्फे!

शनिवारी सकाळी कॉलेजचे नियम सांभाळणारे केसलरसाहेब नेमके त्याच रस्त्याने आले.

"बाई, भाडं किती घेतलंत?"

"अहो, पाटी वाचलीत ना? छदामसुद्धा नाही!" बाई फुशारल्या. त्यांना वाटले, साहेब कौतुक करायला आले.

घरच्यांना फुकट खोली म्हणजे खेळाडूलाच दिलेले पैसे. डेलरॉय सामन्यातून बाद.

"साहेब, मी आत्ता भाडं भरतो ना," तो म्हणाला.

"भर की. पण चौकशी सोमवारी."

"आणि सामना?"

साहेब घड्याळ बघू लागले.

ओडेसाबाई साध्या कपड्यांतल्या मुलाचा हात धरून मैदानात आल्या. मला त्याने काखेत धरले होते. डोक्यावर घालायची सोय उरली नव्हती.

"मी यायलाच नको होतं रे बाळा," त्या पुटपुटल्या. "माझ्या एका रात्रीच्या झोपेपायी..."

"गप गं आई. हात वर कर. लोक तुलाच बघतायत."

त्यांनी हात वर केला.

पारखी त्याच्या जागी खेळलेल्या पोराला हेरून गेले. डेलरॉयला कुणाचे बोलावणे आले नाही. आता तो शाळेची बस चालवतो असे ऐकते.

काही वर्षांनी नियम बदलला. आताच्या पोरांना पैसे मिळतात. बूटवाले, मोटारवाले जाहिरातीसाठी त्यांच्या दारात उभे असतात. चांगलेच झाले. मला मात्र कॉलेजने लिलावात काढले. डेलरॉयची सही आहे म्हणून किंमत बरी आली आणि ती कॉलेजच्या खात्यात जमा झाली. सध्या मी एका वकिलाच्या दिवाणखान्यात आहे. येणारेजाणारे मला टिचक्या मारतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी तुमच्यासाठी अंगावर मार घेत असेल, तर त्याला टाळ्यांवर वाटेला लावू नका. त्याच्या घरी कोण आहे, ते आज कुठे टेकणार आहेत, एवढे तरी वेळेवर विचारा. नियम काय, मागाहून सुधारतात. तो शनिवार कुणाला सुधारता येत नाही.