पान सहा सोडून

धाकटीने आयुष्यातला पहिला बायोडेटा लिहायला घेतला आणि 'अनुभव' या शब्दापुढे तिची गाडी पाऊण तास अडकली. वय वर्षं सोळा. अनुभव म्हणावा तर शाळेचा, आणि तो बहुतेकांना असतो.

प्रकरण तातडीचं होतं. चार गल्ल्या पलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवरची बाई बाळंतपणाच्या रजेवर चालली होती. दोन महिन्यांसाठी माणूस हवं होतं, आणि शाळेची सुट्टीही नेमकी तेवढीच. नोकरी मिळाली तर सुटका. नाही तर दोन महिने आत्याकडे गणित. आत्या गणित कमी आणि शिकणाऱ्याच्या चुका जास्त शिकवायची. त्यातून शिकणारं भाचरू असलं की तिला चेव यायचा. ताईने तिथे दोन सुट्ट्या काढल्या होत्या. ती अजूनही कुणी 'समजा' म्हटलं की पाणी प्यायला उठते.

"आण इकडे," बाबा म्हणाले.

बाबा विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात होते. 'नाही' हा शब्द न वापरता लोकांना नाही कळवायचं, हे काम ते एकोणीस वर्षं करत आले होते. त्यामुळे शब्दांची ददात नव्हती. दहा मिनिटांत कागद भरला. धाकटीत नेतृत्वगुण आले, दूरदृष्टी आली, संघभावना तर दोनदा आली.

"ही संघभावना सकाळी भांडी घासायच्या वेळी कुठे गेली होती?" आईने विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस, लय तुटते," बाबा म्हणाले आणि त्यांनी 'अनुभव' लिहिला: 'ज्येष्ठांसाठी वृत्तपत्रवाचन, दीड वर्षं. नियमित, अचूक व शब्दशः.'

म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेरेआजोबांना रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवणं. हे मात्र खरं होतं. कागदाच्या शेवटी नात्याबाहेरच्या एका माणसाची सही लागणार होती, तीही त्यांचीच घ्यायची ठरली.

'शेरे' हे काही आजोबांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहिले होते आणि प्रत्येकापुढे एक शेरा मारला होता. 'बरा' असा शेरा मिळालेल्या एका कारकुनाने, अहवाल गोपनीय असूनही, घरी पाहुणे बोलावले होते म्हणतात. आता नजर गेली होती, पण हात शिवशिवत होता.

"वाच," ते म्हणाले.

धाकटी वाचू लागली. पहिल्याच ओळीला आजोबांचं बोट वर झालं.

"नेतृत्वगुण? कुणाचं नेतृत्व केलंस?"

"ते बाबांनी लिहिलंय."

"मग त्यांच्या बायोडेटात जाऊ दे. खोड."

दूरदृष्टी खोडली. संघभावना दोन्हीकडून गेली. शेवटी कागदावर नाव, पत्ता, शाळा आणि ती एक ओळ तेवढी उरली.

"'नियमित' राहू दे. तापाचे दोन दिवस आली नाहीस, तेवढं चालतं. 'अचूक'... आडनावं वाचताना अडखळतेस, पण मागे जाऊन दुरुस्त करतेस. राहू दे. 'शब्दशः' काढ."

"का?"

"पान सहा."

धाकटीचं पेन जागच्या जागी थांबलं. सहाव्या पानावर निधनवार्ता असत. वाचायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिने तिथलं एक नाव वाचलं होतं. तो माणूस आजोबांच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेला निघाला. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वास्तविक त्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नव्हतं. समोरच्या चहावर साय धरली. दुसऱ्या दिवसापासून धाकटी पाचावरून थेट सातावर जाऊ लागली.

"तुम्हाला कळलं कधी?"

"दुसऱ्या दिवशीच. पाचवं पान संपलं की तू खोकतेस, आणि एकदम क्रिकेट सुरू होतं. शिवाय दीड वर्षात या गावात कुणी गेलंच नाही, असं कसं होईल?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुलाच वाचवत नसेल. म्हणून म्हटलं, जाऊ दे."

धाकटीने 'शब्दशः'वर रेघ मारली.

"लिही," आजोबा म्हणाले, "'वृत्तपत्रवाचन, दीड वर्षं. नियमित व अचूक. पान सहा सोडून.' मग सही करतो."

"आजोबा, असं लिहिल्यावर मला घेईल कोण?"

"ते त्यांनी ठरवावं. दिसत होतं तेव्हा खोट्यावर सही केली नाही. आता तर दिसतही नाही."

बाबांनी कागद पाहिला आणि खुर्चीत बसून घेतलं. "बायोडेटात स्वतःची खोट कुणी लिहितं का? मग त्या लोकांनी शोधायचं काय? थांब, मी दुसरा करतो. सही आमच्या साहेबांची आणतो."

"साहेबांनी मला कधी पाहिलंय?"

"म्हणून तर चांगलं लिहितील."

दुसऱ्या दिवशी धाकटी दवाखान्यात गेली ती आजोबांच्या वाकड्या सहीचाच कागद घेऊन. वाटेत आत्याचा चेहरा दोनदा डोळ्यांपुढे आला, तरी ती मागे फिरली नाही.

दवाखान्यात बाकावर माणसं रांगेने डोळे मिटून, डोकी भिंतीला टेकवून बसली होती. प्रत्येकाच्या हातात कापसाचा बोळा. डॉक्टरीणबाईंनी दोन पेशंटांच्या मधे कागद वाचला.

"पान सहाची काय भानगड आहे?"

धाकटीने सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"इथे डोळ्यांत थेंब घातले की दोन-तीन तास माणसाला जवळचं वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "मी आत सगळं सांगते. पण आत कुणाला ऐकू येत नाही, घाबरलेले असतात. म्हणून बाहेर प्रत्येकाचं सूचनांचं कार्ड वाचून दाखवायचं, हे या काउंटरचं खरं काम. त्यातलं काही गाळलं तर माझ्या उपयोगाची नाहीस. हे घे, त्या टॅक्सीवाल्या काकांचं. वाच."

टॅक्सीवाले काका साठीचे होते. बोटात अडकवलेली गाडीची किल्ली वाजवत बसले होते. धाकटी त्यांच्या शेजारी बसली.

"काका, थेंब दिवसातून तीनदा. डोळे चोळायचे नाहीत." आणि ती खोकली.

काउंटरवरच्या बाईने मान वर केली. धाकटीचे कान तापले. तिने पुढची ओळ मनात पुन्हा वाचली.

"काका, पुढचं वाईट आहे. आत्ता वाचू, की घरचं कुणी आलं की?"

"घरचं कोण येतंय? वाच तू."

"'गाडी चालवू नये.'"

किल्ली वाजायची थांबली. "किती दिवस?"

'थोडेच दिवस' हे शब्द धाकटीच्या जिभेवर येऊन बसले होते. "लिहिलेलं नाहीये काका. विचारून येते."

अजून नोकरीला लागलेली नसताना ती दार न वाजवता आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"कायमचं," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांच्या कडेचं दिसायचं कमी झालंय. गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायला थेंब."

काकांनी बोटातली किल्ली काढून खिशात टाकली. धाकटी उठली नाही. मग त्यांनी विचारलं, "इथून बस कुठली जाते गं? चाळीस वर्षांत कधी बसलोच नाही."

धाकटीने कार्डामागे बसचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला, मग त्यांना ते दिसणार नाही हे लक्षात येऊन तो तीनदा मोठ्याने सांगितला. काकांनी तो पाठ म्हणून दाखवला.

"पुढचं कार्ड!" आतून आवाज आला.

काउंटरवरची बाई कमरेवर हात ठेवून हळूहळू उठली आणि तिने खुर्ची धाकटीकडे सरकवली.

"पेनं या खणात असतात," ती म्हणाली. "लोक उचलून नेतात. लक्ष ठेव."