खळ लावलेली पानं

मित्रांनो, मला जुनी म्हणा, पिवळी पडलेली म्हणा. पण चोपडं म्हणालात तर याद राखा. मी कादंबरी आहे. जन्मभर शाळेत राहिले, तरी एक इयत्ता शिकले नाही. पण माझ्या जिवावर कितीतरी वर्ग परीक्षा पास झाले.

माझ्यातल्या गोष्टीत एक सरकार आहे. ते लोकांची पुस्तकं दोऱ्याने शिवून बंद करतं. शिवणाऱ्या बायकांपैकी एकजण एके दिवशी टाके उसवते. का उसवते, ते माझ्या मधल्या प्रकरणात होतं. तेच माझं काळीज.

छापखान्यातून बोटीने मी आणि माझ्या बहिणी, म्हणजे याच कादंबरीच्या इतर प्रती, सामोआतल्या सवाई बेटावर आलो. पाठीवर शाळेचा शिक्का बसला. मुलींनी माझ्यात फुलं दाबली, मुलांनी समासात बोटी काढल्या, एका गधड्याने कोको सांडला. वापर होता, म्हणून मान होता.

ज्या वर्षी माझं वाटोळं झालं, त्या वर्षी मी मासीनाकडे होते. पोरगी हुशार. इंग्रजीत चांगले गुण मिळाले की राजधानीला, आपियाला, नर्सिंग शिकायला जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. तिचा मोठा भाऊ सेफो नापास होऊन तिच्याच वर्गात येऊन बसला होता.

इओपू मास्तर नवे. आपलेच, पण ऑकलंडला वाढलेले. ते पाळीपाळीने मोठ्याने वाचून घेत. मधलं प्रकरण निघालं आणि पाळी आली मासीनाची. त्यात ती शिवणारी बाई आणि एक माणूस एकमेकांना मिठी मारतात. बहिणीच्या तोंडून असले शब्द भावाच्या कानावर! आमच्याकडे भाऊबहीण एकत्र असले की लोक थट्टासुद्धा जपून करतात. मासीना वाचता वाचता थांबली. सेफोने बाक उलटवला आणि तो बाहेर गेला.

"काय झालं? शब्द अवघड आहे का?" मास्तरांनी विचारलं. काय म्हणावं या माणसाला!

गावसभेत मला चटईवर मांडलं.

"चूक पुस्तकाची नाही, माझी आहे," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "ती पानं मोठ्याने वाचून घ्यायला नको होती."

"आता कोणी मनातसुद्धा वाचणार नाही," गावप्रमुख म्हणाले.

कोणीतरी "जाळा" म्हणालं. तशी मासीनाची आजी एलिसापेता कडाडली. सभेत बसणारी ती एकटीच बाई. "जाळपोळ नको. शाळेची वस्तू आहे. मी खळ लावते."

"आजी, या गोष्टीतलं सरकारही असंच करतं हो!" मास्तर म्हणाले.

"मग ते सरकार शहाणं आहे. तुझ्या आईने चार गोष्टी शिकवल्या असत्या, तर आज म्हातारीला पुस्तकं चिकटवत बसायची वेळ आली नसती."

सभा हसली. मास्तरांना पुढच्या बोटीत बसवून दिलं.

आजी झाडाच्या सालीचं कापड करायची. थरावर थर बसवायला आरारूटची खळ लागते. तीच खळ तिने आम्हा सगळ्यांच्या मधल्या पानांना लावली. हात असा सफाईचा, की एक सुरकुती पडली नाही. मग आम्हाला शाळेच्या कपाटात कोंबलं.

परीक्षा जवळ आली. मासीनाने आधीच्या वर्गातल्यांना विचारून पाहिलं. "मिठी होती बुवा काहीतरी," एवढंच त्यांना आठवत होतं. शेवटी ती आजीपुढे बसली.

"आजी, प्रश्न त्याच प्रकरणावर येतात. मी एकटी वाचीन. सेफोच्या सावलीलाही कळणार नाही."

"बाकीचं एवढं जाडजूड आहे, ते वाच की. मधलं वगळून कळत नाही, ती गोष्ट कसली?"

"आजी, माझं आपिया जाईल."

"माझा शब्द सभेत गेलाय. नात रडते म्हणून फिरवू?"

तेव्हा मासीनाने जन्मात पहिल्यांदा आजीचं ऐकायचं नाही असं ठरवलं. ओलं फडकं घेऊन ती कपाटापाशी आली आणि हलक्या हाताने तिने माझी कड सोडवली. आत पान नव्हतं. भुसा होता, आणि त्यातून झुरळं पळाली. सालीचं कापड आजी उन्हात वाळवायची, हवेवर ठेवायची. आम्ही अंधारात, दमट हवेत. आरारूट म्हणजे झुरळांना जेवणावळ. खळीबरोबर त्यांनी मजकूरही खाल्ला. मासीनाने माझ्या एकेका बहिणीला उघडून पाहिलं. सगळ्यांची तीच गत.

परीक्षेत त्याच प्रकरणावर प्रश्न आला. मासीनाला थापा मारता येत नाहीत. ती जागा कोरी सोडून आली. आपिया राहिलं.

शाळेने आम्हाला टाकून दिलं, तेव्हा मासीनाने मला घरी आणलं. आता ती आजीशेजारी बसून साल कुटते. बोलत नाही. एकदा आजीनेच विचारलं, "काय होतं गं त्यात? मिठीच ना नुसती?"

"मिठी चार ओळींची होती, आजी. पुढचं वाचायचंच राहिलं."

आजीने हातातली मोगरी खाली ठेवली. मासीना कुटत राहिली.

मित्रांनो, माझ्यातलं काही रुचलं नाही, तर समासात शिव्या लिहा, मला आपटा, माझ्याशी कडाकडा भांडा. पण माझं तोंड चिकटवू नका. पोटातली गोष्ट मला पानांवरूनच आठवते; पानं गेली की ती आठवणही गेली. त्या बाईने टाके का उसवले, ते आता मलाही सांगता येत नाही.