पिवळा पडलेला खळगा

प्रयोगशाळेतील तपासनीसाने ताटलीतील खळगे पुन्हा एकदा न्याहाळले. वसाहतीतल्या लहान मुलांचे रक्त टीपकागदावर वाळवून तपासायला आले होते. तिथे कित्येक वर्षांत हिवतापाचा रुग्ण सापडला नव्हता. तेव्हा त्या तापाशी झुंजल्याची खूण, म्हणजे प्रतिपिंडे, या कोवळ्या रक्तात असायलाच नको होती. ती सापडली की खळगा पिवळा होई. बाकी सगळे खळगे पाण्यासारखे नितळ होते. तीन वर्षांच्या एका मुलीचा मात्र पिवळाधमक झाला होता. याचा अर्थ, ताप अजून वसाहतीत दबा धरून होता. आणि डासांवर फवारणी करणारे पथक तर, रुग्ण उरले नाहीत म्हणून, आजच कायमचे हलणार होते.

नमुने गोळा करणारी परिचारिका त्याची धाकटी बहीण. खळगा पाहून तिचा चेहरा उतरला.

"दादा, रागावणार नसशील तर सांगते."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे."

"पोरगी सुई बघून थयथयाट करायला लागली. चावली मला! आजी म्हणाली, घरातलंच रक्त ना, घ्या माझं. तिला वाईट वाटू नये म्हणून घेतलं. मग पोर झोपल्यावर तिचंही घेतलं. एकाच कागदावर."

"आणि पाठवलंस कुणाचं?"

"पोरीचंच… बहुतेक. दुसरा ठिपका फेकून दिला."

"बहुतेक! ठिपक्यापुढे नाव लिहायला पेन्सिलीला काय गंज चढला होता?"

आजीला तरुणपणी हिवताप झाला असेल, तर ती खूण जुनी. मुलीची असेल, तर ताजी. पिवळा रंग दोघींचा सारखाच.

त्याने साहेबांना फोन लावून पथक थांबवण्याची विनंती केली. "शंकास्पद नमुना बाद, हा नियम तुम्हीच घालून दिलात ना?" साहेब म्हणाले.

मुलीचे रक्त पुन्हा घ्यायला दोघे भाऊबहीण तडक वसाहतीत गेले. तिच्या घराला कुलूप होते. कडेवर तान्हे बाळ घेतलेली शेजारीण म्हणाली, "सगळे बांधकामावर गेले. कुठल्या, ते ठेकेदारालाच ठाऊक."

पथक पंप गाडीत चढवत होते. "निदान हे एक घर फवारा," त्याने मुकादमाला विनवले.

"काका, औषध आतून भिंतींना मारतात. कुलूप फोडू का?"

गाडी निघून गेली. शेजारणीने विचारले, "म्हणजे आता काळजी नाही ना?"

बहिणीने मान खाली घातली. त्याने बाळाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होते. त्यावरून काहीच ठरत नव्हते.