आक्कांच्या खुर्चीची बॅटरी

“हुंगताय काय काका? गुलाब आहेत का ते?”

भंगारवाला पहिलवान पोट धरून हसला. पोट म्हणजे आपलं म्हणायला. असल्या काडीच्या अंगाच्या माणसाला पहिलवान हे नाव कुणी दिलं देव जाणे, पण चिकटलं ते चिकटलं. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग पडला होता आणि त्या ढिगासमोर उकिडवे बसून मीटरकाका एकेक बॅटरी नाकाशी नेत होते.

“गुलाब नाहीत म्हणूनच हुंगतोय,” काका म्हणाले. “गोडसर वास आला की समजायचं, आतला सेल गळतोय. तो तुझा. वास नाही तो माझा.”

“म्हणजे सडका माल माझ्याच गळ्यात!”

“तुझ्याच शेडमध्ये होता ना? मग तुझ्याच गळ्यात शोभतो.”

लॅपटॉपच्या बॅटरीत बोटाएवढे जाड, लांबट असे सहा-आठ सेल असतात. त्यातला एखादा मान टाकतो आणि अख्ख्या बॅटरीची रवानगी भंगारात होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातलाच प्रकार. ओलं तेवढं वेचून काढायचं, हे काकांचं काम. जन्मभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. मग रेडिओ गेले, आणि काकांकडे राहिलं ते फक्त मीटर. ते कायम शर्टाच्या खिशात. कुठलीही वस्तू दिसली की काका तिला मीटर लावणारच. लग्नात भेट आलेल्या घड्याळाला त्यांनी पाहुण्यांदेखत मीटर लावून पाहिलं होतं आणि ‘सेल अर्धा उतरलाय’ असं देणाऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. ते पाहुणे पुन्हा कधी आले नाहीत. नाव मात्र त्या दिवसापासून पडलं.

पहिलवानाने आतून एक खोकं आणलं. चकाचक निळ्या वेष्टनातले सेल. “हे बघा. कोरे करकरीत. तुमच्यासाठी राखून ठेवले.”

काकांनी एक उचलून तळहातावर झुलवला. मीटरसुद्धा काढलं नाही.

“ताकदीचा आकडा हत्तीचा लिहिलाय आणि वजन उंदराचं. जुन्या सेलला नवा सदरा चढवलाय कुणीतरी. पहिलवान, तुला फसवलं रे.”

“आयला! मला तर तो शपथेवर म्हणाला...”

“दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. हे ठेव आणि त्या ढिगातल्या जुनाट बॅटऱ्या दे पोतंभर.”

“एवढ्या कशाला? आगगाडी चालवताय की काय?”

“आगगाडीचं काय रे, ती रुळावरून जाते,” काका गुडघ्यांवर हात टेकत उठले. “मला आक्का चालवायचीय.”

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा काकांना न्हाऊमाखू घालून वाढवलं ते आक्कांनी. पुढे नर्स झाल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीपर्यंत इस्पितळातला एक वॉर्ड असा चालवला की डॉक्टरसुद्धा दारात बूट पुसून आत येत. आता पायांनी दगा दिला होता. दोन गल्ल्या पलीकडे त्या एकट्या राहत. काका रोज संध्याकाळी जायचे आणि चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना बाजारापर्यंत फिरवून आणायचे. ढकलताना दोघांच्या गप्पा चालायच्या. गप्पा म्हणजे आक्का बोलायच्या आणि काका मागून ‘हं’ म्हणायचे.

खुर्ची तशी मोटरची होती. इस्पितळाने मोडीत काढलेली आक्कांनी मागून आणली होती. मोटर ठणठणीत, पण बॅटरी कधीच मेलेली. म्हणून ढकलणं. आणि ते आक्कांना सोसत नव्हतं.

“तुला काय कमी पडतं गं?” काकांनी एकदा विचारलं होतं. “मी आहे ना ढकलायला.”

“तेच कमी पडतं. अरे, आयुष्यभर मी माणसं ढकलली. ढकललेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, मला विचार. त्याच्याशी बोलतच नाहीत. ढकलणाऱ्याला विचारतात, ‘यांना चहा चालतो का हो?’ मी समोर बसलेली असते रे! तोंड आहे मला!”

तोंड आहे, याबद्दल काकांना लहानपणापासून शंका नव्हती.

आणि आता महिनाभरावरचा एक रविवार ठरला होता. आक्कांची इस्पितळातली जुनी मैत्रीण, सगळे तिला मेट्रनच म्हणत, घर आवरून लेकीकडे दूरच्या गावी कायमची निघाली होती. त्या रविवारी दुपारी तिच्याकडे निरोपाचा चहा होता. आक्कांनी निक्षून सांगून ठेवलं होतं, “मी माझी जाणार. पार्सलसारखी पोचवून घेणार नाही. बॅटरी झाली तर जाईन, नाही झाली तर नाही जाणार.”

“नाही कशी? मेट्रनला भेटायचं नाही?”

“नाही म्हणजे नाही.”

आक्कांचं नाही हे पहिल्यापासून दगडावरची रेघ होतं. म्हणून काका कामाला लागले. बॅटऱ्या उकलल्या, सेल सुटे केले. ज्यांत जीवच नव्हता ते बाहेर. चार्जरवर तापले ते बाहेर. उरलेले भरले, रिकामे केले, कोण किती साठवतो ते पाहिलं, पुन्हा भरले. आणि मग आली शेवटची आणि काकांच्या मते खरी परीक्षा: विसावा. भरलेले सेल पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून मागच्या ओट्यावर ठेवून द्यायचे आणि चांगले दोन आठवडे बोट लावायचं नाही.

“भरून काय, कुणीही घेतं,” काका म्हणत. “पोट भरल्यावर गप्प कोण बसतं, ते बघायचं. जो बसल्या जागी उतरतो तो पुढे कधीतरी रस्त्यात दगा देणार. तसला एकही सेल आक्काच्या खुर्चीखाली जाणार नाही.”

विसाव्याचे दिवस संपले, रविवार दोन दिवसांवर आला. सकाळी काका हातपाय धुऊन, चष्मा पुसून, परीक्षेचे पेपर तपासायला बसावं तसे ओट्यावर आले. पहिल्या सेलला मीटर लावलं. गच्च भरलेला. दुसरा, गच्च. तिसरा, चौथा, सगळेच्या सगळे गच्च! काकांच्या भुवया वर गेल्या. असं कधी होतं का? एवढ्या भंगारात एकही नापास नाही?

मागे काकू उभ्या होत्या, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“भरले ना नीट? म्हटलं, आज तुमची घाई असणार. काल तुम्ही बाहेर होतात, सगळे पुन्हा चार्जरला लावून घेतले मी. चार-चार करून. दिवस गेला माझा!”

काकांनी मीटर खाली ठेवलं.

“अगं... अगं, काय केलंस हे!”

“का? चुकलं का काही?”

“सगळे सारखे झाले गं! आता चोर कुठला आणि साव कुठला, मला काय कळणार? पुन्हा विसावा म्हणजे पुन्हा दोन आठवडे. मेट्रन काय माझ्या सेलसाठी थांबणार आहे?”

काकूंचं हसू मावळलं. डोळ्यांत पाणीच आलं. काकांना राग तर आला होता, पण दिवसभर उन्हात ओट्यावर बसून लाल दिव्याचा हिरवा होण्याची वाट बघत बसलेल्या बाईवर तो काढायचा कसा? त्यांनी तो ट्रेवर काढला. ट्रेला एक टिचकी मारली.

“बिनविसाव्याचे लावा की एकदा,” काकू हळूच म्हणाल्या.

“आक्का भर रस्त्यात अडकली तर? कुणीतरी ढकलत आणेल तिला. पुन्हा तोंड दाखवणार नाही ती कुणाला. नाही. जाऊन सांगतो, नाही झाली म्हणून.”

काका चपला घालू लागले. काकू ट्रे उचलता उचलता पुटपुटल्या, “एवढी मेहनत केली मी... आणि त्या खादाडांनी तर निम्मा दिवस खाल्ला माझा.”

एक चप्पल पायात, एक हातात. काका थबकले.

“कोण खादाड?”

“आहेत की पाच-सहा मेले. बाकीचे माझी भाजी निवडून होईस्तोवर हिरवे झाले. हे मात्र कपडे वाळत घालून आले, भांडी लावून आले, तरी लालच! भरता भरेनात. शेवटी वैतागून वेगळे ठेवले. त्या फुटक्या कपात आहेत बघा.”

काका हातातल्या चपलेसकट आत धावले. जो सेल विसाव्यात उतरला होता, त्यालाच पुन्हा भरायला वेळ लागणार! काकूंनी परीक्षा पुसली नव्हती, नकळत पेपर तपासून नापासांना कपात बसवलं होतं.

तरी मीटर ते मीटर. काकांनी एक रात्र दम धरला. सकाळी बघितलं तर कपातले खादाड पुन्हा उतरणीला लागलेले, आणि ट्रेमधले जागचे हललेले नाहीत. काकांनी काकूंकडे असं पाहिलं की काकू लाजून म्हणाल्या, “आता मला मीटर लावू नका म्हणजे झालं!”

रविवारी दुपारी सेल ओळीने जोडून, संरक्षणाची सर्किटपट्टी लावून बनवलेली बॅटरी खुर्चीखाली बसली. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. त्यांनी हाताशी असलेली दांडी पुढे केली. खुर्चीने एक हुंकार दिला आणि चालू लागली.

काकांचे दोन्ही हात आपसूक पुढे गेले. खुर्चीच्या मागच्या मुठी धरायला. मुठी पुढे निघून गेल्या आणि हात तसेच हवेत राहिले. आक्का मागे न बघता म्हणाल्या, “येऊ नकोस मागे. कोपऱ्यावर थांब संध्याकाळी.”

काका घरी आले. पेपर उघडला, मिटला. आनंदच झाला होता, यात वाद नाही. पण संध्याकाळची ती वेळ आता आपली राहिली नाही, हेही त्यांना कळत होतं. त्यांनीच तर आपल्या हाताने ती बॅटरी जोडून दिली होती. काकूंनी दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा गार झाला.

उन्हं उतरताना ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. रस्त्याच्या टोकाला खुर्ची दिसली. आक्का ऐटीत, ताठ बसून येत होत्या. एका सायकलवाल्याला त्यांनी हाताने ‘थांब’ म्हणून दाखवलं, आणि तो थांबला.

“मला विचारलं!” दुरूनच ओरडल्या. “चहा चालतो का म्हणून, मला विचारलं! मी म्हटलं, दोन कप चालतो!”

काका खदखदून हसले. आक्काही हसल्या. मग जवळ येता येता त्यांचं हसू कमी कमी होत गेलं. काकांपाशी पोचल्यावर त्यांनी दांडी सोडली. खुर्ची थांबली.

“मेट्रन परवा जाणार रे,” त्या म्हणाल्या. “दारापर्यंत आली सोडायला. रडली नाही. मीही नाही रडले.”

काका म्हणाले, “हं.”

आक्कांनी मान वळवून एकदा रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “बॅटरी उतरली वाटतं.”

काकांचा हात सवयीने मीटरकडे गेला. खुर्चीच्या हातावर बॅटरी किती भरलेली आहे ते दाखवणारे बारीक दिवे होते. एक सोडून सगळे हिरवेगार पेटलेले काकांना स्वच्छ दिसले. आक्कांनी पदर सारखा करता करता तो त्या दिव्यांवर ओढून घेतला.

काकांनी हात खिशापासून मागे घेतला.

“उतरली असेल,” ते म्हणाले. “शेवटी भंगारातलेच सेल ते.”

त्यांनी खुर्चीची मागची कळ फिरवून मोटर सोडवली आणि मुठी धरल्या.

“सावकाश ढकल,” आक्का म्हणाल्या. “घाई नाही. तर काय सांगत होते, मेट्रन पहिल्यांदा वॉर्डात आली ना, तेव्हा...”

“हं,” काका मागून म्हणाले.