अठरावं प्रकरण

पुस्तक वाचून दाखवायला काय लागतं, असं जो म्हणेल त्याला मी आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत तासभर कोंडून ठेवीन. पंखा बंद, खिडकी बंद, खुर्ची जरा करकरली की वाक्य पहिल्यापासून. अंध वाचकांच्या या ग्रंथालयात मी कित्येक वर्षं पुस्तकं वाचतेय, तीही फुकट, आणि माझ्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नाही हे मीच सगळ्यांना ऐकवत असते. इथे नियम एकच, पानावर आहे ते सगळं वाचायचं. छपाईची चूकसुद्धा.

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. घसा बसलेला, ग्रंथपालबाईंनी माझी वेळ मला न विचारता निम्म्यावर आणलेली, आणि पुढच्या वाचनाला आलेला माणूस दाराबाहेर मुद्दाम खोकत उभा. कादंबरी एका नावाड्याच्या घराची होती. नदीवर पूल होतो आणि होडीवर पोट असलेल्या माणसांची दैना होते. अठरावं प्रकरण काढलं तर धुकं. पान उलटलं, धुकंच. आणखी एक उलटलं, धुकं आणि पाणी. म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे ते धुकं! कोण बघायला बसलंय? सरळ पुढच्या प्रकरणावर गेले, एकोणिसाव्याला अठरावं म्हटलं, त्यापुढचे आकडे एकेकानं मागे ओढले आणि पुस्तक संपवून टाकलं. घरी जाऊन गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. मनाला काही लागलं म्हणाल तर, छे! काही नाही.

ती कादंबरी मागितली होती घड्याळकाकांनी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. साठी उलटल्यावर काचबिंदूनं दृष्टी नेली, आणि त्या वयात ब्रेल काही हाताला बसलं नाही. आमचे बाकीचे वाचक लहानपणापासून बोटांनी वाचणारे. काकांना मात्र कान तेवढे उरले, म्हणजे माझं तोंड. नवं पुस्तक न्यायला आले की विचारायचे, "ताईंच्या आवाजातलं आहे ना?" आणि मी कोपऱ्यात बसून फुगायचे.

दर महिन्याला एका पुस्तकावर बोलायला आमची मंडळी वाचनखोलीत जमतात. या वेळी हीच कादंबरी होती. सगळ्यांनी ब्रेलमध्ये वाचलेली, एकट्या काकांनी ऐकलेली. मीही चहा पीत बसले होते, कौतुक ऐकायला.

काका म्हणाले, "होडीचं शेवटी काय झालं ते सांगितलंच नाही, ते मला फार आवडलं. बसा म्हणावं विचार करत."

"सांगितलं नाही?" मंडळींतल्या टेलिफोन ऑपरेटरबाई उसळल्या. "अहो, बाप स्वतःच्या हातानं जाळतो की! अख्खं प्रकरण आहे. कुणाला दिसू नये म्हणून धुक्यात जाळतो."

त्या धुक्यात होडी जळत होती, आणि मला पत्ता नव्हता.

"असं कुठे आहे?" काका म्हणाले.

"काका, डुलकी लागली वाटतं ऐकता ऐकता!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, एरवी काकाच सगळ्यांच्या टोप्या उडवत.

काका हसले नाहीत. "मी दोनदा ऐकलंय," ते म्हणाले. मग माझा नेहमीचा कोपरा ठाऊक असल्यानं नेमकं माझ्याकडे तोंड वळवलं. "ताई, तुम्ही वाचलंय. आहे का हो हे त्यात?"

एवढा सोपा प्रश्न. दारात ग्रंथपालबाई उभ्या. मी म्हटलं, "आहे, काका."

खोटं नव्हतं ते. पुस्तकात होतंच ना! घरी जाईपर्यंत मी स्वतःला हेच बजावत राहिले. पण काकांनी "अस्सं," म्हणून काठी चाचपली तेव्हाचा त्यांचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मी मनात ठरवलं, गुपचूप ते प्रकरण वाचून आत घालायचं आणि काकांना नवी प्रत द्यायची. म्हणजे बघा, तेव्हाही मला माझंच नाक वाचवायचं होतं.

नवी प्रत तयार व्हायच्या आत त्यांची सून आली. पुस्तकं ऐकायचं यंत्र तिनं टेबलावर ठेवलं.

"हे परत घ्या. आता नको म्हणतात."

"बिघडलं का?"

"यंत्राला काय होतंय! त्यांच्या आईला शेवटी पोटचा मुलगा ओळखू येत नव्हता, ताई. त्याचा धसका आहे त्यांना. आता म्हणतात, माझंही सुरू झालं. दोनदा ऐकलेलं डोक्यात राहत नाही, पुढे तुझे हाल नकोत. वृद्धाश्रमात जागा ठरवलीय, उद्या निघणार. मी भांडले, रडले, जेवले नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काही झालेलं नाही. तर म्हणतात, डॉक्टरला काय ठाऊक? ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, ते पुस्तकात आहे म्हणून."

कपाटातून कादंबरी काढली, यंत्र पुन्हा तिच्या पिशवीत कोंबलं आणि तिच्याबरोबर निघाले. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "वाचन सोडून कुठे निघालात?" म्हटलं, "आल्यावर सांगते. मग काढून टाका मला."

काकांच्या खोलीत बॅग उघडी होती. सदरे घड्या घालून ठेवलेले, वर दाढीचं सामान. काका खुर्चीत बसले होते, उद्या घालायचे बाहेरचे कपडे आजच घालून.

"ताई? तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

बसलेसुद्धा नाही मी. म्हटलं, "काका, तुमचं डोकं ठणठणीत आहे. ते प्रकरण मी वाचलंच नाही. मला कंटाळा आला म्हणून गाळलं, आणि कुणाला कळू नये म्हणून पुढचे आकडे बदलले. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही हे लपवलं. लाज वाटली म्हणून."

आता ऐकवतील, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. काका ताडकन उठले. "सूनबाई!" असे ओरडले की ती धावत आली. "अगं, माझं डोकं शाबूत आहे! नव्हतंच त्यात! माझ्या कानावर आलंच नव्हतं!" आणि हसायला लागले. हसता हसता रडले, तिचा हात धरून. ती बॅगेतले सदरे उचलून कपाटात कोंबायला लागली, घडी मोडली तरी फिकीर नाही. मला वाटलं, सुटले मी.

"चहा टाक," काका म्हणाले. "ताईंनाही." मग खुर्चीत बसले आणि हळूहळू त्यांचं हसू ओसरलं.

"ताई, हे या एकाच पुस्तकात केलंत?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. कळणार कसं होतं त्यांना! जिभेच्या टोकावर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "लांबलचक वर्णनं आली की... कधी एखादी कविता. कधी पानभर."

"कुठल्या कुठल्या पुस्तकांत?"

"आठवत नाही, काका."

"आठवत नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मला आठवत नाही म्हणून मी घर सोडायला निघालो होतो."

मी माफी मागितली. आत कपबश्या वाजत होत्या. त्यांनी विचारलं, "पुस्तक आणलंय?"

"आणलंय."

"मग वाचा."

स्टूल ओढून मी त्यांच्यासमोर बसले आणि सुरुवात केली. "अठरावं प्रकरण." नदीवर धुकं होतं. काकांनी आपली खुर्ची पुढे सरकवली, माझ्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. हात पुढे करून पुस्तक शोधलं, त्याचा कोपरा सापडला तसा तिथे अंगठा ठेवला. पहिलं पान संपलं. मी उलटायला गेले तर त्यांनी ते चिमटीत धरलं, चोळून पाहिलं, एकच आहे ना, दोन तर नाहीत. खात्री झाल्यावर सोडलं.

"हं, पुढे," काका म्हणाले.

पुढेही धुकंच होतं. मी एक शब्द न गाळता वाचत राहिले, आणि प्रत्येक पानाला त्यांनी तसंच केलं.