आठवा बोल्ट

मंजुनाथ बेंगळुरूच्या इंदिरानगरात क्लाइंबिंग वॉलवर मुलांना पडायला शिकवायचा. चढायला कोणीही शिकवेल, पडायला शिकवणारा मास्तर आमचा अण्णाच, असं त्याची धाकटी बहीण वीणा कौतुकानं सांगायची. आणि हाच मास्तर वर्षभर स्वतः पडायला घाबरत होता. त्याची त्याला भयंकर लाज वाटे, म्हणून कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

बागलकोटकडे त्यांच्या आजोळी चुनखडकाचा उभा कडा आहे. तिथं शेळ्यांखेरीज कुणी फिरकत नसे. उन्हाळ्यात मंजुनाथनं त्यात भोकं पाडून दोरी अडकवायचे नऊ बोल्ट बसवले. कडे चढणाऱ्या मंडळींचा एक नेम असतो: ज्यानं बोल्ट ठोकला, त्यानंच आधी त्यावर पडून बघायचं, मगच दुसऱ्यानं तिथं दोरी अडकवायची. जीव मुठीत धरून सात बोल्टांवर तो पडला. आठव्यापाशी हातोडी मारली तर खडक पोकळ वाजला. बेंगळुरूच्या घट्ट काळ्या दगडावर उभी हयात काढलेला माणूस. असल्या पोकळ दगडात बोल्ट टिकेल, याची त्याला खात्री वाटेना. खाली दोरी धरून देवाप्पामामा उभे होते, त्यांना बोल्ट मोजायचं कारण नव्हतं. तो गुमान उतरला आणि बेंगळुरूत येऊन सांगितलं, नऊच्या नऊ बोल्टांवर पडून बघितलंय.

शुक्रवारी संध्याकाळी वीणा रात्रीच्या गाडीनं त्याच कड्यावर जायला दोरी भरत होती. बरोबर मित्र उपेंद्र.

"अण्णा, आठव्याच्या वर अवघड आहे म्हणे. तू पडलायस न्हवं तिथं?"

सांगायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं.

"पडलोय की," तो म्हणाला. "तरी स्वल्प जपून."

"म्हातारा झालास बघ," म्हणून ती हसली.

शनिवारी त्याला राहवेना. सकाळपासून फोन लावला, पण कड्याखाली रेंज नाही. शेवटी त्यानं मेसेज टाकला, 'आठव्यावर पडू नकोस.' तो काही पोचला नाही.

दहाला वर्ग सुरू झाला. आठ वर्षांची रम्या भिंतीच्या टोकाला लटकली होती, खाली दोरी मंजुनाथच्या हातात. तेवढ्यात फोन वाजला. त्यानं तो खांद्यानं कानाशी दाबला.

"अण्णा, वीणा गेली," रेंजसाठी गावापर्यंत धावत आलेला उपेंद्र रडत होता. "आठवा बोल्ट दगडासकट उपटून आला. सातव्यानं धरलं, पण तोवर ती खालच्या कंगोऱ्यावर आपटली."

"हात सुटला काय रे?"

"नाही अण्णा. नववा हाताशी होता तिच्या. म्हणाली, अण्णा इथं पडलाय, मग मीही एकदा पडून घेते. हसत हसत हात सोडले."

मंजुनाथनं दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी पडलो नव्हतो," तो म्हणाला.

पलीकडून उपेंद्रचं रडणं एकदम थांबलं.

वरून रम्यानं हाक मारली, "सर, तुम्ही धरलंय ना? सोडू हात?"